मुलाच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन: आईवडिलांनी तयारी कशी करावी

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या एका दिवसाकडे लागतं. खरं तर त्या दिवशी आईवडिलांनी करण्यासारखं फार थोडं असतं. थिएटरचं दार लागलं की पुढचं सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) चालवणारे परफ्युजनिस्ट बघतात. तुमच्या हातात असतात आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे तीन महिने. या काळात गोष्टी बिघडतात त्या साध्या कारणांनी: किडलेला दात, न सांगितलेली सर्दी, पहाटे लाडाने पाजलेलं दूध, गोळीचा रंग बघून दिलेला चुकीचा डोस. ही माहिती अशाच गोष्टींसाठी आहे. तुमच्या रुग्णालयाने यातली एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या मुलाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यांनी पाहिलेला आहे.

१. आजार आणि ऑपरेशन, दोन्ही एकेका वाक्यात लिहून काढा

हृदयाला चार झडपा असतात: मायट्रल, एओर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मनरी. रिपोर्टमध्ये 'स्टेनोसिस' असेल तर झडप पुरती उघडत नाही. 'रिगर्जिटेशन' असेल तर ती पुरती मिटत नाही आणि रक्त उलटं गळतं. एकाच झडपेत दोन्ही असू शकतं. कोणती झडप, काय बिघाड, आणि त्यामुळे हृदयाचा कोणता कप्पा ताणला गेलाय, एवढं तुम्हाला कागद न बघता सांगता यायला हवं. कधी रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभं राहावं लागलं तर हे वाक्य फार कामी येतं.

पुढचा प्रश्न दुरुस्ती की बदल, हा. मुलांमध्ये शक्य असेल तिथे दुरुस्तीलाच पहिली पसंती असते, कारण दुरुस्त केलेली झडप मुलाची स्वतःची असते आणि त्याच्याबरोबर वाढते. बाहेरून बसवलेली झडप वाढत नाही. बदलावी लागलीच तर पर्याय साधारण असे:

यांत्रिक झडप कार्बनच्या कठीण पाकळ्यांची असते. ती झिजत नाही, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर वॉरफरिन घ्यावं लागतं. अगदी लहान हृदयात मावेल एवढी झडप मिळणं ही फार वर्षांची अडचण होती. १५ मिलिमीटरच्या यांत्रिक झडपेला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला सहसा कायमचं वॉरफरिन लागत नाही. मात्र मुलांच्या शरीरात तिच्यावर कॅल्शियम लवकर साचतं आणि मोठ्या माणसांत टिकते त्यापेक्षा ती कितीतरी आधी निकामी होते. दान केलेल्या हृदयातून मिळालेली मानवी झडप, म्हणजे होमोग्राफ्ट, हा तिसरा पर्याय. ती हव्या त्या मापाची मिळेल का यावर सगळं अवलंबून असतं.

एओर्टिक झडपेसाठी रॉस ऑपरेशनही करतात. डोनाल्ड रॉस या सर्जननी १९६७ मध्ये ते पहिल्यांदा केलं. यात मुलाची स्वतःची पल्मनरी झडप काढून एओर्टिकच्या जागी बसवतात आणि रिकाम्या झालेल्या पल्मनरीच्या जागी होमोग्राफ्ट किंवा झडप असलेली दुसरी नळी घालतात. वॉरफरिन टळतं, एओर्टिकच्या जागची झडप मुलाबरोबर वाढू शकते. पण बिघाड एका झडपेत असताना काम दोन झडपांवर होतं, आणि पल्मनरीच्या जागेचं काम पुढे पुन्हा करावं लागण्याची शक्यता मोठी असते. ते पुढचं काम काही मुलांमध्ये छाती न उघडता, शिरेतून नळी नेऊन करता येतं. असं पल्मनरी झडप बसवणं २००० साली सुरू झालं.

सर्जनना भेटायला जाताना प्रश्न लिहून न्या. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं. निदान एवढं विचाराच:

- दुरुस्ती जमली नाही तर ऐन ऑपरेशनमध्ये कोणती झडप बसवणार, आणि तीच का?
- पुढचं ऑपरेशन लागेल का, अंदाजे कोणत्या वयात?
- या वयाच्या मुलांवर हेच ऑपरेशन तुमच्याकडे किती वेळा होतं आणि निकाल कसे असतात?
- माझ्या मुलाच्या बाबतीत तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?
- मुलगी असेल तर: पुढे गर्भारपणात वॉरफरिनचं काय? हे औषध पोटातल्या बाळाला इजा करू शकतं, म्हणून मुलगी सहा वर्षांची असली तरी हा विचार आत्ताच व्हायला हवा.

निकालांबद्दल विचारायला अनेकांना संकोच वाटतो. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं रोज करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न सवयीचा असतो. बेधडक विचारा.

संमतीपत्रावर 'दुरुस्ती, गरज पडल्यास बदल' असं लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. सही करायच्या वेळी ते वाचून धक्का बसू नये, म्हणून पहिला प्रश्न आधीच विचारून ठेवायचा.

२. कागदांची एक फाईल, आणि तिची एक प्रत

- इकोचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, सोबत इकोच्या चित्रफितीची सीडी किंवा पेनड्राइव्ह. नुसत्या छापील रिपोर्टवर सर्जनचं समाधान होत नाही. झडपेची हालचाल त्यांना स्वतः बघायची असते.
- ईसीजी, छातीचा एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय, अँजिओ झाली असेल तर तिचा अहवाल.
- आधीच्या ऑपरेशनची नोंद. फक्त डिस्चार्ज कार्ड चालणार नाही. 'ऑपरेशन नोट्स' वेगळ्या मागून घ्या. त्या मिळायला वेळ लागतो.
- लसीकरणाचं कार्ड आणि रक्तगटाचा कागद.
- औषधांची यादी: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. पातळ औषध असेल तर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, हेही लिहा. 'अर्धा चमचा' म्हणजे किती ते कोणालाच कळत नाही.
- ॲलर्जी: औषधं, चिकटपट्टी, लॅटेक्स (हातमोज्यांचं रबर).
- घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, कोणाचं रक्त लवकर थांबत नाही का, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का. या तीन गोष्टी कोणी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगा.
- ओळखपत्रं, जन्मदाखला, विमा किंवा मदतीच्या मंजुरीची पत्रं.

सगळ्याचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

३. सहा आठवडे आधी: दात

हे आधी करा. तोंडातले जंतू किडलेल्या दातातून किंवा सुजलेल्या हिरडीतून रक्तात शिरतात आणि नव्या झडपेवर किंवा टाक्यांवर घर करतात. त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात. बसवलेल्या झडपेवर तो झाला तर काही वेळा झडप पुन्हा बदलावी लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी दंतवैद्याचा 'दात ठीक आहेत' असा कागद असल्याशिवाय तारीख पक्की करत नाहीत.

दंतवैद्याला झडपेचा आजार पहिल्याच वाक्यात सांगा, आणि उपचाराआधी अँटिबायोटिक लागेल का हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. दात काढावा लागला तर जखम भरायला वेळ हवा, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर हे ढकलू नका. 'दुधाचेच दात आहेत, पडतीलच' असं म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. हलणारा दात असेल तर ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञांना दाखवा. श्वासाची नळी घालताना तो निसटून आत जाऊ शकतो.

४. लसी, रक्त, औषधं

लसी राहिल्या असतील तर ऑपरेशन आणि लस यांत किती दिवस ठेवायचे ते विचारून वेळेत घ्या. लसीने आलेला ताप आणि संसर्गाचा ताप वेगळा ओळखता येत नाही, म्हणून अगदी तोंडावर लस देत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेणं चांगलं. आणखी एक बारकावा: ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिला गेला तर त्यातल्या प्रतिपिंडांमुळे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) गोवर आणि कांजिण्यांच्या लसीचा परिणाम होत नाही. त्या सहसा सहा-सात महिन्यांनी देतात. काय काय दिलं गेलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं औषध आत्ताच सुरू व्हायला हवं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

रक्ताची सोय रक्तपेढीमार्फत होते. 'आमच्याच घरातलं रक्त द्या' असा आग्रह धरू नका. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटण्याचा धोका असतो, आणि म्हणून असं रक्त आधी किरणांनी प्रक्रिया करून घ्यावं लागतं. नातेवाइकांनी रक्तपेढीत जाऊन रक्तदान जरूर करावं, ते कोणाला द्यायचं ते पेढी ठरवेल.

चालू औषधांपैकी कोणतं कधी थांबवायचं याचं लेखी वेळापत्रक मागा. ॲस्पिरिन आणि वॉरफरिन काही दिवस आधी थांबवावं लागू शकतं. एनालाप्रिलसारखं रक्तदाब उतरवणारं औषध अनेक भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत, कारण भुलेत रक्तदाब फार उतरतो. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, सुरूही करू नका. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, 'ताकदीचं' टॉनिक, जे काही चालू असेल ते सगळं सांगा. त्यातल्या काहींमुळे रक्तस्राव वाढतो. रागावतील म्हणून लपवू नका.

५. शेवटचे दोन आठवडे: सर्दी-खोकल्यापासून जपणूक

वाहतं नाक, खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा. सर्दी झालेल्या मुलाच्या श्वासनलिका चिडलेल्या असतात. त्यावर हार्ट-लंग मशीनचा ताण पडला की फुप्फुसांना सूज येते आणि व्हेंटिलेटर काढायला उशीर होतो. 'एवढ्याशा सर्दीने तारीख जाईल' म्हणून गप्प राहिलं, तर दाखल झाल्यावर ती जातेच, किंवा त्याहून वाईट, सर्दी कोणाच्या लक्षात येत नाही. तारीख काही आठवडे पुढे गेली तर मनस्ताप होतो, सुट्ट्या वाया जातात. तरीही सांगायचंच.

गर्दीची ठिकाणं टाळा, शाळा कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा. भेटायला येणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. भावंडांना सर्दी झाली तर शक्य असल्यास त्यांची झोपायची जागा वेगळी करा.

६. मुलाला काय सांगायचं, कधी सांगायचं

काहीच न सांगता नेलं तर मुलाचा पुढच्या प्रत्येक दवाखान्यावरचा विश्वास उडतो, आणि झडपेच्या मुलाला दवाखाना आयुष्यभर लागणार असतो. खूप आधी सांगितलं तर लहान मूल रोज रात्री घाबरतं. साधारण अंदाज असा: दोन-तीन वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस ते आठवडाभर आधी, त्याहून मोठ्याला एक-दोन आठवडे आधी. दहा-बारा वर्षांपुढचं मूल पहिल्या चर्चेपासून सोबत असावं. यांत्रिक झडप आणि रोजची गोळी त्याला सांभाळायची असेल तर त्याचं मत विचारात घ्यायलाच हवं.

शब्द जपून वापरा. 'कापणार', 'हृदय बाहेर काढणार', 'हृदय बंद करणार' हे नको. 'हृदयात एक छोटं दार आहे, ते नीट उघडत नाही, डॉक्टर ते नीट करणार' हे पुरतं. भुलेबद्दल नुसतं 'झोपवणार' म्हटलं तर मूल नंतर रोजच्या झोपेलाही घाबरतं. 'औषधाची वेगळी झोप असते. त्या झोपेत काहीच दुखत नाही, आणि काम झालं की डॉक्टरच जागं करतात' असं सांगा.

'अजिबात दुखणार नाही' असं वचन देऊ नका. दुखेल, त्यावर औषध मिळेल, आणि दुखलं की सांगायचं, हे खरं आहे. चार-सहा वर्षांच्या मुलांना आजार म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा वाटते. 'तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही' हे वाक्य त्यांनी विचारलं नाही तरी म्हणा. बाहुलीच्या छातीवर पट्टी लावून, नाकाला मास्क लावून खेळा. बाहुलीला नळ्या आठवणीने लावा, कारण जाग आल्यावर मुलाला पहिल्यांदा त्याच दिसतात. तोंडात नळी असताना बोलता येत नाही, म्हणून 'दुखतंय', 'तहान लागली', 'आई-बाबा हवेत' अशी चित्रं कागदावर काढून त्यांच्याकडे बोट दाखवायची सवय आधीच करून घ्या.

भावंडांना विसरू नका. घरी कोण राहणार, शाळेत कोण सोडणार, हे त्यांना नेमकं सांगितलं तर ती पुष्कळ निवांत होतात.

७. बॅग

मुलासाठी पुढून बटणं असलेले सैल शर्ट चार-पाच. डोक्यातून घालायचे कपडे महिनाभर नकोत, हात वर करताना छाती दुखते. एक आवडतं खेळणं, धुतलेलं. साबणाचे फुगे किंवा फुंकरीचं भिरभिरं, पुढे श्वासाच्या व्यायामाला. तुमच्यासाठी लांब वायरचा चार्जर, वही, गरम कपडे कारण आयसीयू थंड असतो. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध काढायच्या पंपाची चौकशी आधी करावी. काही दिवस बाळ थेट पिऊ शकणार नाही, आणि दूध काढलं नाही तर ते आटतं.

८. आदली रात्र आणि सकाळ

आंघोळ सांगितलेल्या जंतुनाशक साबणाने, रात्री एकदा आणि सकाळी एकदा. नंतर तेल, पावडर, क्रीम काही नाही. नखांचं पॉलिश काढा, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. दागिने, अंगावरचे दोरे घरीच काढा. मोठ्या मुलांच्या छातीवरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक जखमांतून जंतू शिरतात.

उपाशी ठेवण्याचे नियम साधारण असे:

- जेवण, बिस्कीट, कोणतंही घन अन्न: ६ तास आधी बंद.
- वरचं दूध, पावडरचं दूध: ६ तास.
- आईचं दूध: ४ तास.
- साधं पाणी: २ तास, काही ठिकाणी १ तासापर्यंत देतात.

दूध पातळ दिसलं तरी पोटात गेल्यावर त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून ते घन अन्नातच धरायचं. पोट भरलेलं असेल तर भूल देताना उलटी फुप्फुसात जाऊ शकते. खिशात गोळ्या-चॉकलेट नाही ना, आजी-आजोबांनी मायेने काही दिलं नाही ना, बघा. चुकून काही खाल्लं गेलं तर सांगून टाका. काही तास थांबून ऑपरेशन होऊ शकतं.

याच्या उलट चूकही होते: भीतीपोटी रात्री आठपासून पाण्याचा थेंब देत नाहीत. तान्ह्या बाळांना आणि निळसर पडणाऱ्या मुलांना कोरडं पडणं धोक्याचं असतं. शेवटचं दूध किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता, या दोन वेळा विचारून घ्या, गजर लावा आणि त्या वेळी मुलाला उठवून पाजा. ऑपरेशनची वेळ पुढे सरकली तर नर्सना लगेच विचारा, 'आता पाणी देऊ का, की सलाईन लावणार?'

९. ऑपरेशन चालू असताना

सुई टोचायच्या जागी बधिर करणारं क्रीम लावतात, त्याला तासभर लागतो. लावलं नसेल तर विचारा. भुलेच्या खोलीत तुम्हाला आत जाऊ दिलं, तर मास्क लावल्यावर मुलाचे डोळे फिरतात, हातपाय झटकले जातात, घोरल्यासारखा आवाज येतो. ते घाबरवणारं दिसतं, पण नेहमीचंच असतं.

'ऑपरेशन चार तासांचं' म्हणजे मूल चार तासांत परत, असं नाही. भूल देणं आणि नळ्या लावणं यातच तास-दीड तास जातो. मग छातीचं मधलं हाड उघडतात, हार्ट-लंग मशीन जोडतात, पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवून झडपेचं काम करतात. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर अन्ननलिकेतून घातलेल्या इकोने झडप तपासतात. गळती उरली असेल तर मशीनवर परत जाऊन पुन्हा काम करतात. त्यामुळे उशीर झाला की काहीतरी बिघडलंच, असा अर्थ काढू नका. निरोप कोण देणार आणि किती तासांनी, हे आत जाण्याआधी ठरवून घ्या, आणि नातेवाइकांचे फोन घ्यायला एकच माणूस नेमा.

१०. आयसीयूत पहिल्यांदा बघताना

शक्य असेल तर आयसीयू आधी पाहून या. नाहीतर निदान एवढं मनाशी असू द्या: चेहरा, पापण्या सुजलेल्या असतात, हातपाय गार लागतात. तोंडात किंवा नाकात श्वासाची नळी, मानेतल्या शिरेत औषधांची नळी, मनगटात रक्तदाबाची नळी, लघवीची नळी, छातीतून पाणी-रक्त बाहेर काढणारे ड्रेन, आणि पोटाच्या वरच्या भागातून निघालेल्या बारीक पेसिंग वायरी. झडपांच्या अगदी जवळून हृदयाच्या ठोक्यांची वीज वाहते. तिथे सूज आली तर ठोके मंदावतात, अशा वेळी बाहेरच्या यंत्राने ठोके चालवता यावेत म्हणून त्या वायरी काही दिवस ठेवतात. काही लहान बाळांची छाती सुजेमुळे एक-दोन दिवस मुद्दाम उघडी ठेवून वर पडदा लावतात.

मॉनिटरचे अलार्म सारखे वाजतात. बऱ्याचदा नुसती वायर सैल झालेली असते. यंत्राकडे बघत बसू नका. मुलाचा हात धरा, बोला. डोळे मिटलेले असले तरी आवाज पोचतो. मूल असंबद्ध बोललं, आईला ओळखलं नाही, तर औषधांमुळे आणि अपुऱ्या झोपेमुळे येणारा गोंधळ असू शकतो. नर्सना सांगा, तो उतरतो.

रोज राउंडला तीनच प्रश्न: आज कोणती नळी निघणार? झडपेचा इको काय सांगतो? कशावर लक्ष ठेवताय?

दोघांपैकी एकाने रात्री झोपायचंच. घरी गेल्यावर खरी जागरणं तुमच्या वाट्याला येणार आहेत.

११. डिस्चार्जच्या आधी

बहुतेक मुलं पाच ते दहा दिवसांत घरी जातात. जाण्याआधी औषधाचा प्रत्येक डोस नर्ससमोर तुम्ही स्वतः मोजून दाखवा. जखम कशी पुसायची, पुढचा इको कधी, रात्री फोन कोणत्या नंबरवर, हे लिहून घ्या. झडपेचं कार्ड घेतल्याशिवाय निघू नका: त्यावर झडपेचं नाव, मॉडेल, माप आणि क्रमांक असतो. पुढे एमआरआय करायची वेळ आली की हेच कार्ड विचारतात.

१२. घरी: पहिले सहा ते आठ आठवडे

छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तारा कायम आतच राहतात. मुलाला काखेत हात घालून उचलू नका, हात धरून ओढू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे-पाठीखाली, असं फावड्यासारखं उचलायचं. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हे करून दाखवा, कारण पाहुणा सवयीने काखेतच हात घालतो.

सायकल, झाडावर चढणं, लोंबकळणं, दप्तर पाठीवर घेणं बंद. शाळेत तीन-चार आठवड्यांनी बसता येतं, पण खेळाचा तास नको. धक्काबुक्कीचे खेळ तीन महिने आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाहीच. गाडीत पट्टा मात्र लावायचाच. खपल्या पडून जखम पूर्ण भरेपर्यंत टबात किंवा पोहण्याच्या तलावात बसवू नका. व्रणाला पहिलं वर्षभर उन्हापासून झाका, नाहीतर तो काळा पडतो.

वेदनेचं औषध पहिले काही दिवस घड्याळ लावून द्या. दुखत असलेलं मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साचतो. अंथरूण ओलं करणं, रात्री दचकणं, चिकटून राहणं हे काही आठवडे चालतं. रागावू नका.

यातलं काही दिसलं तर लगेच फोन: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, जखमेतून पू किंवा पाणी, हाडातून कटकट आवाज, धाप, पायावर किंवा डोळ्यांवर सूज, लघवी कमी, अचानक वाढलेलं वजन. चक्कर येऊन पडलं किंवा ओठ निळे झाले तर फोनची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. एक सापळा इथे आवर्जून सांगायला हवा: ऑपरेशननंतर एक ते सहा आठवड्यांत ताप, मरगळ, उलट्या, आडवं झाल्यावर वाढणारं छातीत दुखणं, हे हृदयाभोवती पाणी साचल्याचं लक्षण असू शकतं. 'व्हायरल आहे' म्हणून घरी थांबू नका, इको करून घ्या.

१३. वॉरफरिन असेल तर

रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर या तपासणीत कळतं. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. यांत्रिक एओर्टिक झडपेसाठी तो साधारण २ ते ३, मायट्रलसाठी २.५ ते ३.५ ठेवतात, तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. सुरुवातीला तपासणी वारंवार लागते.

- रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी. सकाळच्या रक्ताचा निकाल आला की त्याच दिवशी डोस बदलता येतो.
- डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहा. 'एक गुलाबी, अर्धी निळी' असं लिहू नका; कंपनी बदलली की रंग बदलतो.
- एक डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. राहिलेल्या डोसची नोंद करा आणि विचारा.
- हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं. त्या बंद करायच्या नाहीत. आठवड्यातलं प्रमाण सारखं ठेवायचं.
- अँटिबायोटिक, जुलाब, ताप, न जेवणं, यानंतर आयएनआर लवकर तपासा.
- आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन विचारल्याशिवाय नाही.
- डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असलं तरी लगेच रुग्णालयात.
- नवीन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. कोणी बदलून दिल्या तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

यांत्रिक झडपेची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते. तो आवाज ओळखीचा करून घ्या. तो दबका झाला किंवा थांबला, तर झडपेवर गुठळी बसलेली असू शकते. त्याच तासाला रुग्णालयात.

१४. पुढची वर्षं: ताप, दात, पेनिसिलिन

झडप बसवलेली असेल, किंवा दुरुस्तीत झडपेच्या काठाला आधार देणारी कृत्रिम कडी वापरली असेल, तर हिरड्यांतून रक्त येईल अशा प्रत्येक दंतोपचाराआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. नेहमीचा डोस म्हणजे अमॉक्सिसिलिन, वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २ ग्रॅम, उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर वेगळं औषध.

झडप संधिवाताच्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरने बिघडली असेल, तर दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन ऑपरेशननंतरही चालूच ठेवायचं. 'झडप बदलली, आता इंजेक्शन कशाला' असं म्हणून ते थांबवलं, की पुढचा ताप उरलेल्या झडपांवर येतो. वॉरफरिन चालू असेल तर इंजेक्शन देणाऱ्याला ते दर वेळी सांगा.

आणि कारण न सापडणारा ताप दोन-तीन दिवस राहिला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी, घ्यायला सांगा. आधी औषध पोटात गेलं की जंतू तपासणीत सापडत नाहीत, आणि झडपेवरचा संसर्ग कितीतरी दिवस लपून राहतो. झडपेच्या कार्डाच्या मागे हे एक वाक्य लिहून ठेवा: 'ताप असल्यास अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर.' शाळेच्या दप्तरात त्या कार्डाची प्रत असू द्या.